आजोबांची कमान नातीच्या हाताला बसत नाही

पत्र: नमस्कार. मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहते, वय २३. मराठीत एक अद्भुतरम्य कादंबरी लिहायला घेतली आहे. नायिका मैना, वय १७, नीलकोटच्या सरदार घराण्यातली शेवटची मुलगी. एका रात्रीत शत्रू वाडा जाळतो, घरातले सगळे मारले जातात. मैना दिवाणखान्याच्या भिंतीवरची आजोबांची कमान उचलते, भाता पाठीला लावते, दारातल्या पहारेकऱ्याला टिपते आणि जंगलात पळते. पुढे ती सूड घेत जाते. तिचा नेम कधी चुकत नाही. नऊ प्रकरणं झाली. मैत्रिणीने वाचली आणि म्हणाली, ‘चांगलं आहे, पण मैनाच्या जागी कोणीही चालली असती.’ तेव्हापासून लिहिणं अडलंय. धनुष्यबाणाबद्दल किती खरं लिहायचं? माझी आजी आमच्या गेलेल्या जहागिरीच्या गोष्टी सांगते, त्या घालू का? की राज्य काल्पनिक आहे म्हणून सगळं मनानेच रचायचं? पहिलं प्रकरण सोबत जोडलं आहे.

उत्तर:

तुमच्या मैत्रिणीने नेमक्या जागी बोट ठेवलं आहे. मैना तिरंदाज आहे आणि मैना पडलेल्या घरातली आहे, पण या दोन गोष्टी तुमच्या कथेत एकमेकींना ओळखतही नाहीत. तिच्या हातात कमानीऐवजी तलवार दिली तरी काही बिघडत नाही, आणि ती कुंभाराची मुलगी असती तरी नेम तसाच लागला असता. उपाय तुमच्याच एका वाक्यात आहे: ‘भिंतीवरची आजोबांची कमान उचलते’. या वाक्यावर जरा रेंगाळू, कारण तुम्ही लिहिलं आहे तसं ते घडू शकत नाही. का घडू शकत नाही हे कळलं की घराण्याची सगळी गोष्ट त्यातूनच निघेल.

सरदाराच्या घरची जुनी कमान म्हणजे वाकवलेली काठी नव्हे. मधे लाकडाचा गाभा, तिरंदाजाकडच्या बाजूला म्हशीच्या शिंगाच्या पट्ट्या, आणि शत्रूकडच्या बाजूला जनावराच्या कंडरा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या चिवट दोऱ्या) वाळवून, कुटून, त्यांचे धागे सरसात भिजवून बसवलेले थर. कमान ओढली की शिंग दाबलं जातं आणि कंडरा ताणल्या जातात. दाब सोसण्यात शिंगाचा हात धरणारं काही नाही आणि ताण सोसण्यात कंडरेचा. हे सगळं धरून ठेवतो तो सरस. थरावर थर चढवून तो पूर्ण वाळायला महिने लागतात. आणि सरसाचा वैरी एकच, ओल. पावसाळ्यात दमट भिंतीला टेकलेली कमान मऊ पडते, कंडरांचा थर कडेने सुटायला लागतो.

अशी कमान काम झालं की उतरवतात, म्हणजे दोरी काढून ठेवतात. दोरी काढली की ती उलट्या बाजूला वळते, जवळजवळ चंद्रकोरीसारखी. त्या अवस्थेत ती कापडात गुंडाळून कोरड्या पेटीत राहायला हवी. दोरी चढवलेली कमान वर्षानुवर्षं टांगून ठेवली तर शिंग आणि कंडरा अहोरात्र ओझं वाहत राहतात आणि तिचा जोर मरतो. तुमच्या प्रकरणात मैना कमान खुंटीवरून काढते आणि दुसऱ्याच वाक्यात बाण सोडते. म्हणजे ती चढवलेलीच टांगलेली होती.

आता विचारा, ती चढवून टांगली कोणी? आजोबांनी नाही. त्यांना हे ठाऊक होतं. टांगली असेल ती त्यांच्या मुलाने, पाहुण्यांना आणि सावकाराच्या माणसाला दिसावी म्हणून. घराण्याकडे ऐपत होती तेव्हा कमान पेटीत होती, ऐपत गेली तेव्हा ती भिंतीवर आली. नीलकोटच्या पडझडीचा पहिला पुरावा तुम्ही नकळत लिहून ठेवला आहे. तो उचला. एका रात्रीत वाडा जळण्यापेक्षा त्या खुंटीत जास्त कथा आहे.

उतरवलेली कमान चढवणं हे एकट्यादुकट्याने घाईत करायचं काम नाही, हेही लिहिण्यासारखं आहे. आधी ती निखाऱ्यांपासून दूर धरून मंद उबेवर फिरवतात, हाताला सोसेल इतकीच. मग कमानीच्या दोन्ही भुजा, म्हणजे मुठीच्या वरचा आणि खालचा भाग, सारख्या वाकवत दोरीचे फास टोकांच्या खाचांत बसवतात. एक भुजा जरा पिळली गेली तर फास निसटतो, कमान झटक्यात मूळच्या वळणाकडे उलटते आणि भुजा चिरते. चढवल्यावर दोरी दोन्ही भुजांच्या बरोबर मधून जाते की नाही हे डोळ्यासमोर धरून पाहतात. एक भुजा कललेली असेल तर पुन्हा ऊब देऊन दाबून सरळ करतात, थोडा वेळ तशीच ठेवतात, मगच पहिला बाण. वाडा पेटलेला असताना हे जमणार नाही.

याचा अर्थ असा की कमान ही एका माणसाची मालमत्ता असली तरी ती चालू ठेवायला माणसं लागतात. कमानगर लागतो, जो दर हंगामात सुटलेला थर पुन्हा बसवतो. तीरगर लागतो, जो बोरू किंवा बारीक बांबू ऊब देऊन सरळ करतो, एकाच वजनाचे बाण जुळवतो, पिसं बसवतो. रेशमाच्या दोऱ्या, मेण, सरस लागतात. हे सगळं दौलतीच्या हिशेबात खर्ची पडतं. घर खाली येताना हे खर्च एकेक करून बंद होतात आणि प्रत्येक बंद झालेला खर्च मैनाच्या नेमात उतरतो. कमानगराचं वर्षासन थांबलं की कमान बिघडली. तीरगर दुसऱ्या सरदाराकडे गेला की बाण विजोड झाले. तुम्हाला ‘घराणं पडलं’ असं कुठेही लिहावं लागणार नाही.

आता अंगठी. आपल्याकडे, तुर्की-इराणी पद्धतीप्रमाणे, दोरी अंगठ्याने ओढत. अंगठा दोरीभोवती वाकवायचा, तर्जनी त्याच्या नखावर आवळायची, आणि दोरीने मांस कापू नये म्हणून अंगठ्यात एका बाजूला जिभेसारखं पुढे आलेलं कडं घालायचं. त्याला जिहगीर म्हणत. शिंग, हाड, हस्तिदंत, संगेयशब (जेड हा मौल्यवान दगड) असे त्याचे प्रकार. दरबारी लोकांच्या संगेयशबी अंगठ्यांवर माणकं जडवलेली असत. मैनाच्या आजोबांची अशी एक असू द्या, पण ती मैनाच्या अंगठ्यात बसणार नाही. जिहगीर पादत्राणासारखी मापाची असते. सैल असेल तर ओढताना फिरते आणि दोरी भलत्याच क्षणी निसटते, घट्ट असेल तर अंगठा सुजतो. आत चामड्याची पट्टी घालून माप जमवता येतं, पण घाम आला की ती पट्टी घसरते. वारसा मिळाला आणि मापाचा नाही, याहून पडलेल्या घरातल्या मुलीची स्थिती कशी सांगणार? पुढे एखाद्या प्रकरणात ती माणकांची अंगठी विकून हाडाची साधी, पण स्वतःच्या मापाची करून घेईल. त्या दिवसापासून तिचे बाण बरे लागतील.

त्याच अंगठ्याचा दुसरा उपयोग. वेषांतर करून ती बाजारात वावरते असं तुम्ही प्रकरणाच्या शेवटी सुचवलं आहे. जन्मभर जिहगीर घातलेल्या अंगठ्याला घट्टा पडतो, आणि कमान धरणाऱ्या हाताच्या कोपराच्या आत दोरीचा फटका बसून जुने डाग राहतात. तिला ओळखायला शत्रूला चेहरा लागणार नाही.

सतराव्या वर्षी मुलगी आजोबांची कमान ओढेल का? सरळ उत्तर: नाही, आणि यात तिचा कमीपणा नाही. आज ऑलिंपिकला ७० मीटरवर खेळणाऱ्यांची धनुष्यं साधारण ४० ते ५० पौंडांची असतात, म्हणजे पूर्ण ताणताना १८ ते २३ किलोचा जोर. लढाईच्या कमानी त्याहून कितीतरी जड. इंग्लंडचं ‘मेरी रोझ’ हे युद्धजहाज १५४५ मध्ये बुडालं आणि १९८२ मध्ये वर काढलं, त्यातल्या लाकडी धनुष्यांचा जोर अभ्यासकांनी साधारण १०० ते १८५ पौंड धरला आहे. त्या जहाजावरच्या सांगाड्यांत खांद्याच्या हाडाचं टोक न जुळलेलं, असं नेहमीपेक्षा जास्त जणांत आढळलं, आणि ते लहानपणापासूनच्या सरावाशी जोडलं जातं. तेव्हा आजोबांची कमान ९० पौंडांची धरा. मैनाला आठव्या-नवव्या वर्षापासून १५ पौंडांवर शिकवलं असेल, ढब न बिघडता शंभरेक बाण सोडता आले की चार-पाच पौंड वाढवले असतील, तर सतराव्या वर्षी ती ५० पौंडांवर खंबीर असू शकते. हे पुष्कळ आहे. पण हा जोर दंडात नसतो. दोन्ही फऱ्यांच्या, म्हणजे खांद्याच्या पात्यांच्या, मधल्या स्नायूंनी, पाठ आवळून कमान उघडावी लागते. झेपत नसलेली कमान ओढताना खांदा कानाकडे चढतो, पुढचा हात थरथरतो, आणि ताण पूर्ण होण्याआधीच दोरी सुटते. ताण अर्धाच, तर बाण पल्ल्याच्या निम्म्यातही पोचत नाही.

एक धोका जरूर वापरा. बाण न लावता ताणलेली दोरी कधीही सोडायची नसते. जो जोर बाणाने न्यायचा तो भुजांतच परत जातो आणि कमान फुटते. कमान चाचपताना शिकलेला माणूस ओढतो आणि सावकाश परत सोडत आणतो. न शिकलेला ‘टण्ण’ वाजवून बघतो. वाड्यात आलेल्या जप्तीच्या माणसाने असं केलं आणि मैनाने ते दारातून पाहिलं, तर तुम्हाला तिचा राग समजावून सांगावा लागणार नाही.

मग मैना काय घेऊन पळेल? पोलादी कमान. हिंदुस्थानातल्या शस्त्रागारांत अशा कमानी असत. त्यांना ओलीचं भय नाही, सरस नाही, कमानगर नाही, त्यामुळे त्या वर्षानुवर्षं पडून राहू शकतात. पण पोलादाच्या भुजा जड. ओढलेल्या जोरातला बराचसा त्या भुजा हलवण्यातच जातो, बाण मंद सुटतो आणि हाताला झटका बसतो. गंज खोलवर गेला असेल तर ती आधी कसलीही चाहूल न देता तुटते. वाड्यातल्या चांगल्या वस्तू विकून झाल्यावर जी उरली, कोणी विकत घेतली नाही म्हणून उरली, अशी कमान पडलेल्या घरातल्या मुलीला शोभते. आणि पावसाळ्यात, मेण लावलेल्या दोरीसह, शिंगाच्या उत्तम कमानी मऊ पडल्या असताना हीच चालते. हा प्रसंग तुम्ही राखून ठेवा.

आता घराणं. एका रात्रीत वाडा जळतो हे लिहायला सोपं आहे, पण त्यामुळे मैनाला घराच्या पडण्यात काही पाहायलाच मिळत नाही. सरदारकी पडते ती कागदावर आणि हळूहळू, आणि त्याचे नमुने शोधायला तुम्हाला दूर जायची गरज नाही. तुमचं लष्कर हे १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी दिलेल्या छावणीचं शहर. तंबूंच्या जागी वाडे झाले, आणि ‘चिटणीसांची गोठ’ यासारखी वस्त्यांची नावं अजून सांगतात की कोणाचा गोट कुठे उतरला होता. नीलकोट असंच उभं करा: छावणीतून वाढलेली राजधानी, जिथे राजवाड्यापासून कोणाचा तळ किती पावलांवर, यावर अजून मानपान ठरतात. मैनाचं घर पूर्वी राजवाड्याला लागून होतं आणि आता ओढ्यापलीकडे आहे, एवढ्याने तीन पिढ्या सांगून होतात.

सरंजाम म्हणजे काय हे नीट वापरलंत तर कथेला कणा मिळेल. गावांचा वसूल सरदाराला मिळतो तो ठरलेली पथकं चाकरीला हजर ठेवण्यासाठी. मालक सरकार, सरदार चाकर. बाप वारला की मुलाला सरंजाम पुन्हा करून घ्यावा लागतो, त्यासाठी नजराणा भरावा लागतो. नजराण्याला रोकड नाही म्हणून सावकार येतो, दोन गावांचा वसूल त्याच्याकडे गहाण पडतो. वसूल कमी म्हणून घोडी कमी. हजिरीच्या दिवशी संख्या भरत नाही, म्हणून शेजाऱ्याची घोडी मागून आणतात, आणि घोड्यांच्या अंगावरचा डाग, म्हणजे छाप, तपासणारा कारकून ते ओळखतो. पुढचा कागद जप्तीचा. यात कोणीच राक्षस नाही. तुमच्या पहिल्या प्रकरणातला काळ्या चिलखतातला शत्रू काढून तिथे हा कारकून बसवा. त्याला सभ्य बोलायला लावा.

आणखी एक पायरी आहे जी मराठी वाचकाला लगेच भिडेल. शिलेदार स्वतःच्या घोड्यावर चाकरी करतो, बारगिराला घोडा सरकार देतं. स्वतःचा घोडा मेला आणि दुसरा घ्यायची ऐपत नसली की शिलेदाराचा बारगीर होतो. मैनाच्या भावाला एका हंगामात शिलेदाराचा बारगीर करा. तो घरी येऊन काहीच बोलत नाही, फक्त नेहमीच्या जागी खोगीर ठेवत नाही. बस्स.

मोठ्या घटना हव्या असतील तर त्याही इथल्याच मातीत आहेत. २९ डिसेंबर १८४३ ला शिंद्यांच्या सैन्याच्या इंग्रजांशी महाराजपूर आणि पनिहार अशा दोन लढाया एकाच दिवशी झाल्या, आणि जानेवारी १८४४ च्या तहाने शिंद्यांचं सैन्य नऊ हजारांवर आणलं गेलं. एका कलमाने किती घरांतली चाकरी गेली असेल, याची कल्पना करा. मग १९४८ मध्ये मध्य भारत झालं आणि १९५१ च्या कायद्याने तिथल्या जहागिऱ्या गेल्या. कादंबरीत यातलं एकही साल घालू नका. फक्त त्याची चाल घ्या: लढाई संध्याकाळपर्यंत संपते, तहाचं कलम तीन पिढ्या चालतं.

एक निवाडा तुम्हालाच करावा लागेल: नीलकोटात दारू आहे का, म्हणजे बंदुकीची. आमचं मत विचाराल तर असू द्या, नुकतीच आलेली. तोडेदार बंदूक चालवायला माणूस थोड्या आठवड्यांत तयार होतो, तिरंदाज घडवायला बालपण लागतं. म्हणून एक दिवस दरबारातून हुकूम येतो की पुढच्या हजिरीला तिरंदाजांऐवजी बंदुका मोजल्या जातील. ज्या घराचा सरंजामच तिरंदाजांच्या पथकावर होता, ते त्या दिवशी पडतं. मैनाकडे असलेलं कसब आणि मैनाच्या घराचा नाश एकाच हुकमात बांधले जातात. तुमच्या मैत्रिणीचा आक्षेप इथे मिटतो, कारण आता तिच्या जागी दुसरी कोणी चालत नाही.

न चुकणाऱ्या नेमाबद्दल. साध्या कमानीचा बाण सेकंदाला ५० ते ६० मीटर जातो. ५५ धरा. ३० मीटरवर पोचायला अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात तो दीड मीटर खाली येतो. ७० मीटरला सव्वा सेकंद आणि जवळजवळ आठ मीटर. म्हणून ७० मीटरवर नेम धरताना हात माणसाच्या डोक्यावर बराच वर असतो, आणि अंतराचा अंदाज दहा मीटरनी चुकला तरी बाण डोक्यावरून जातो किंवा पायाशी रुततो. १०० मीटरवर दोन सेकंद. तेवढ्यात चालणारा माणूस पावणेतीन मीटर पुढे गेलेला असतो आणि दुडक्या चालीचा घोडा आठ. किल्ल्यावर एखाद्या संध्याकाळी जा, तटावरून अंदाजे शंभर मीटरवरचा माणूस हेरा आणि हात लांब करून करंगळी समोर धरा. तो माणूस करंगळीच्या नखाएवढा दिसेल. मग ठरवा की मैना रात्री, पळत्या घोड्यावरून, त्याच्या गळ्यातल्या ताईतावर नेम धरते की नाही.

तिला चुकू द्या, आणि प्रत्येक चुकीला कारण द्या. बाण सुटताना कमानीच्या मुठीला वळसा घालून जातो, वेताच्या छडीसारखा लवतो आणि मग सरळ होतो. म्हणून बाणाचा कडकपणा कमानीच्या जोराशी जुळलेला असावा लागतो. मेलेल्या शिपायाच्या भात्यातले बाण मैनाने उचलले तर ते सगळे एकाच बाजूला वीतभर जातील, जोवर ती ते ओळखून नेम सरकवत नाही. हे ओळखणं हे तिचं खरं कसब, आणि ते वाचायला न चुकण्यापेक्षा फार चांगलं आहे. पिसं भिजली की चपटी होऊन बाणाची शेपूट सावरत नाही. एका बाणाला तिन्ही पिसं एकाच बाजूच्या पंखातली लागतात, डावं-उजवं मिसळलं की बाण भरकटतो. घाईत पिसं बांधणाऱ्याच्या हातून नेमकं हेच होतं.

बाण मोजा. भात्यात २४ बाण धरले आणि मिनिटाला सहा सोडले तर चार मिनिटांत भाता रिकामा. तुमच्या पहिल्याच प्रकरणात मैना जवळजवळ चाळीस बाण सोडते. अक्षय भाता देवांच्या हाती असतो, आणि तुमच्या जगात तशी जादू असेल तर तिची किंमत सांगावी लागेल. नसेल तर तिला बाण वेचायला परत पाठवा. दगडाला लागलेला बाण टोकाशी चिरलेला असतो, तो पुन्हा लावला तर सुटताना हातातच फुटतो. म्हणून ती प्रत्येक वेचलेला बाण कानाजवळ धरून जरा वाकवते आणि चिरकल्याचा आवाज येतो का ते ऐकते. बिनटोकाच्या सरावाच्या बाणाला तुक्का म्हणत, ‘लागला तर तीर, नाही तर तुक्का’ मधला. सगळं संपल्यावर तिच्याकडे लहानपणीचे चार तुक्के उरलेत, असाही एक प्रसंग होऊ शकतो.

भाषेतल्या दोन बारीक गोष्टी. सेनापती तिरंदाजांना ‘फायर’ किंवा ‘डागा’ म्हणणार नाही, ते बंदूक-तोफेचे शब्द. ‘सोडा’ म्हणेल. आणि सगळ्यांना कमानी पूर्ण ताणून उभं करून तो भाषण ठोकणार नाही. जड कमान तीन-चार सेकंदांपलीकडे धरली की नेम ढळतो.

आजीच्या गोष्टी जरूर घाला, पण ‘दारात हत्ती झुलत होते’ हा भाग सोडून. तो सगळ्यांच्या आजीकडे असतो. आजीला वेगळं विचारा. सगळ्यांत आधी काय विकलं, आणि ते कोणत्या वेळी घराबाहेर नेलं? कोणता नोकर पगार थांबल्यावरही येत राहिला? गणपतीतली पंगत किती पानांची होती आणि ती किती पानांवर आली? पाहुणा आला की कोणत्या खोलीचं दार लावून घेत? पडदे कोणत्या लुगड्याचे केले? अशी दहा उत्तरं मिळाली तर नीलकोटच्या वाड्याला भिंती येतील. ज्या घराण्यांची नावं आजी घेईल ती आणि त्यांची भांडणं मात्र तुमच्याकडेच राहू द्या, आणि घरातलं काही छापायच्या आधी आजीला वाचून दाखवा. तिला दुखेल अशी एखादी गोष्ट कादंबरीतून गेल्याने कादंबरी लहान होत नाही.

काल्पनिक राज्यात काय रचायचं, हेही विचारलं आहे. राजा, देव, नद्या, ऋतू, जादू, कायदे, सगळं रचा. शिंग, सरस, पीस आणि सतरा वर्षांच्या मुलीचा खांदा मात्र आहेत तसे ठेवा.

तुमच्या त्या वाक्याचं काय होऊ शकतं, त्याचा एक नमुना देतो. तसाच घेऊ नका, मोडून स्वतःचा करा.

‘कमान खुंटीवरून काढताच मैनाला दोरीचं ढिलेपण हाताला लागलं. आजोबा होते तोवर ती उतरवून, जुन्या पैठणीच्या तुकड्यात गुंडाळून पेटीत असायची. मुनीम पहिल्यांदा आला तेव्हा बाबांनी ती चढवून इथे टांगली होती, आणि त्यावर सहा पावसाळे गेले होते. तिने आजोबांची अंगठी अंगठ्यात सरकवली. ती फिरली. पदराची चिंधी फाडून आत कोंबली आणि कमान ओढली. निम्म्यावर आली असेल नसेल, पाठीच्या थरातून ओली चटई सोलावी तसा आवाज आला. मैनाने श्वास रोखला आणि इंच इंच करत दोरी परत नेली. ओटीवर कारकून अजून वाचतच होता, तांब्याची घंगाळं तीन, पितळी समया दोन. तिने कमान होती तशी खुंटीला लावली आणि कोठीघराकडे गेली, जिथे धान्याच्या कणगीमागे, कोणीच भाव न दिलेली पोलादी कमान उभी होती.’

इथे ना आग आहे ना मुडदा, आणि तिच्या हातून एकही बाण सुटलेला नाही. तरी मैना कोण आहे ते कळतं.

नऊ प्रकरणं फेकू नका. लढाया राहू द्या, फक्त एका कागदावर प्रकरणागणिक चार रकाने आखा: मैनाकडे बाण किती, दोऱ्या किती, कमान कोणत्या अवस्थेत, देणं कोणाचं. रकाना भरताना जिथे अडाल तिथे प्रसंग पुन्हा लिहायचा. जवळपास धनुर्विद्येचा सरावाचा वर्ग असेल तर एक सकाळ तिथे काढा आणि प्रशिक्षकाच्या नजरेखाली २० पौंडांचं धनुष्य दहा वेळा ओढून बघा. दुसऱ्या दिवशी पाठीत जिथे दुखेल, तिथून मैनाचं वर्णन लिहा.

आणि मुखपृष्ठ काढणाऱ्याला आधीच सांगून ठेवा. मैना उजव्या हाताच्या अंगठ्याने ओढते, तेव्हा बाण कमानीच्या उजव्या बाजूला टेकतो. तीन बोटांनी ओढणाऱ्यांची चित्रं बघून तो डावीकडे काढला जातो.